पाठ न उघडणारा कॅमेरा

एका कागदावर सही करायची होती म्हणून गेल्या महिन्यात गिरगावात जावं लागलं. आमची वाडी पाडणार आहेत. रस्त्याच्या कडेने पत्रे ठोकलेले, पत्र्यांमागे खोल खड्डा आणि यंत्रांची धडधड. वाडीच्या तोंडाशी, जिथे आमच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी होती, तिथे आता मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. टपरीतला माणूस कुणाचा तरी फोन कानाला लावून बसला होता. डोळे मिटलेले, भुवया एकमेकींजवळ आलेल्या. आतून काही ऐकू येतंय का, ते बघत होता. मी सही विसरून तिथेच उभी राहिले. सत्तरेक वर्षांपूर्वी माझे वडील बरोबर त्याच जागी, तसेच डोळे मिटून बसायचे. त्यांच्या कानाला कॅमेरा असायचा.

त्यांना वाडीत सगळे अण्णा म्हणत, आम्हीही. फोर्टातल्या एका कॅमेऱ्यांच्या दुकानात ते वीस वर्षं दुरुस्तीला होते. पुढे घरीच काम करू लागले. खिडकीपाशी एक बुटकं टेबल, त्यावर हिरवं बनाती कापड, कापडावर चिमटे, नखाएवढे स्क्रूड्रायव्हर आणि स्पिरिटची बाटली. आमच्या घराला स्पिरिटचा वास असायचा, त्यात आईच्या फोडणीचा, आणि संध्याकाळी चौपाटीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा. त्या वाऱ्यावर अण्णांचा राग होता. ते म्हणत, मुंबईचा वारा लेन्स खातो.

दुरुस्तीपेक्षा त्यांचं नाव होतं ते पारखीसाठी. गोरे साहेब देश सोडून जाताना विकून गेलेले, लिलावात आलेले, चोरबाजारात मिळालेले कॅमेरे तेव्हा मुंबईभर फिरत होते. नवा कॅमेरा घेणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. जुना घ्यायचा, तर विकणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? मग लोक तो कॅमेरा तासाभरासाठी मागून आणत आणि अण्णांच्या टेबलावर ठेवत.

अण्णा आधी त्याचा वास घेत. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की समजायचं, आत बुरशी आहे. मग स्क्रूंची डोकी बघत. खाचा झिजलेल्या असल्या, तर कुणीतरी अडाण्याने तो उघडलेला असणार. लेन्स खिडकीकडे धरून बघत. कधी काचेत पांढऱ्या मुळांसारखी जाळी पसरलेली दिसे, ती मलाही दाखवत. घडीचा कॅमेरा असला तर त्याच्या कातडी घड्यांच्या भात्यात छोटा दिवा घालून वर आईचं घोंगडं पांघरत आणि आम्ही दोघं डोकी आत घालून बसायचो. भात्याला भोकं असली की अंधारात चांदण्या दिसायच्या. मला त्या चांदण्या आवडत. ज्याचा कॅमेरा असे त्याचं तोंड मात्र उतरायचं.

अगदी नव्यासारखा, एकही ओरखडा नसलेला कॅमेरा आला की अण्णा सावध होत. कपाटात ठेवलेला कॅमेरा आजारी पडतो, असं त्यांचं मत होतं. त्याचं तेल घट्ट होतं, स्प्रिंगा आळसावतात. कातडं झिजलेला, पट्टा घामाने काळा झालेला कॅमेरा त्यांना बरा वाटे, कारण तो चालत राहिलेला असे. एकदा वरळीच्या कोळीवाड्यातून एक जण कॅमेरा घेऊन आला. त्याला सुक्या बोंबलांचा इतका वास होता की आईने आतून विचारलं, बाजार कुणी आणला. अण्णांनी तो उघडला, तर आत मिठाचे कण. पण शटर घड्याळासारखं चालत होतं. खुशाल घ्या, म्हणाले.

शटर सगळ्यात शेवटी. कॅमेरा उजव्या कानाला लावायचा आणि कळ दाबायची. एक सेकंदाला आतली चाकं सर्र करत फिरतात आणि टक् होतं. अर्ध्या सेकंदाला त्याच्या निम्मं, पाव सेकंदाला त्याच्याही निम्मं. तसं करत करत आवाज आखूड होत जातो आणि शेवटच्या, सगळ्यात वेगाच्या आकड्याला नुसतं टच् उरतं. अण्णा प्रत्येक आकडा तीनदा वाजवून बघत. चौथ्यांदा कधीच नाही. मग कॅमेरा खाली ठेवून "घ्या" म्हणत किंवा "नको". वर एक सांगत, की एक रोल घालून, धुऊन बघा आणि मगच व्यवहार करा. लोक रोलचं ऐकत नसत. त्यांना अण्णांचा शब्द पुरे होता.

मी चौदा वर्षांची असताना ते बहिरे होत चालले होते आणि आम्हाला कळलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून हाक मारी, ते उत्तर देत नसत. कामात आहेत, असं आई समजे. एका दुपारी त्यांनी एक कॅमेरा कानाला लावला, एक सेकंदाची कळ दाबली आणि आतली चाकं मध्येच अडकली. मला समोर बसून ऐकू आलं. अण्णांनी मान डोलावली आणि पुढचा आकडा लावला. मी म्हटलं, अण्णा, अडकतंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. कॅमेरा आणणारा माणूस बाहेर पायरीवर विडी ओढत होता. अण्णांनी कॅमेरा माझ्या कानाला लावला आणि पुन्हा कळ दाबली.

त्या दिवसापासून मी पुस्तक घेऊन टेबलाशेजारी बसू लागले. अण्णांचा डावा तळवा टेबलाच्या कडेवर असे, माझं बोट त्याच्याजवळ. आवाज बरोबर असला की मी त्यांच्या करंगळीला एकदा बोट लावायचं, चुकीचा असला की दोनदा. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही. त्यांनी मला आवाज शिकवले, ते मात्र मनापासून. त्यांच्या स्वतःच्या कानात ते अजून शिल्लक होते. तोंडाने करून दाखवत. हा तेल सुकलेला, हा स्प्रिंग ढिली झालेला, हा निरोगी. खोलीत आम्ही दोघं असे विचित्र आवाज काढत बसलेले पाहून आई हसायची. ती हसायची म्हणजे तिला तेव्हा सगळं ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

तो काळच आवाजांचा होता. सकाळी प्रभातफेरी जायची. संध्याकाळी कुठल्यातरी चौकात डफ वाजायचा आणि शाहिराचा आवाज दोन वाड्या ओलांडून यायचा. भिंती चुन्याच्या अक्षरांनी भरलेल्या. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, हे आम्ही दोरीवर उड्या मारतानाही म्हणायचो. कधी रस्त्यातून धावत जाणारे पाय वाजायचे, नुसते पाय, कुणी ओरडत नसे, आणि मग फटाफट खिडक्या लागायच्या. अश्रुधुराचा वास पहिल्यांदा आला तेव्हा आईने कांदा फोडून आमच्या नाकाशी धरला. संचारबंदी लागली की एकदम सगळं बंद. अशा दिवशी वाडीतल्या नळाला पाणी आलेलंही पार शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. अण्णा त्या शांततेत जास्त मोकळे दिसत. तेव्हा त्यांच्यात आणि आमच्यात काही फरक उरत नसे.

त्या हिवाळ्यात एका दुपारी गणपत आला.

गणपत लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मूळचा मालवणकडचा, तिशीचा, अंगाने बारीक. कपाळाला कापसाची तूस चिकटलेली. त्याच्याबरोबर त्याच्या खोलीतला वासू होता, त्याच गावचा. वासू उंच असावा, कारण दारातून आत येताना तो वाकला होता. गिरणीतले एक साहेब विलायतेला चालले होते आणि त्यांचा कॅमेरा विकायचा होता. गणपतच्या चाळीतल्या मंडळींनी मिळून तो घ्यायचं ठरवलं होतं. मोर्चे निघत होते, सभा होत होत्या, आणि पेपरात त्यांच्या चाळीचा फोटो कधी येत नव्हता. आपला आपण काढायचा, असं त्यांच्या मनात होतं. साहेबाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मोर्चा होता.

गणपतने हे सगळं सांगितलं आणि टेबलासमोर उकिडवा बसला. "हो घेवचो काय नको, ता तुमी सांगा," तो म्हणाला. "आमका ह्यातला काय कळणा नाय."

गावच्या देवळात देवाला कौल लावतात, तेव्हा माणसं जशी बघतात तसा तो अण्णांकडे बघत होता.

कॅमेरा लहान होता, पोलादी, हातात घेतला की जड. त्याची पाठ उघडत नसे. रोल खालून सरकवावा लागे. ज्या कॅमेऱ्याची पाठ उघडते त्याची पारख सोपी. पाठ उघडायची, खिडकीकडे धरून कळ दाबायची, उजेड आरपार चमकला की झालं. इथे तसं बघता येत नव्हतं. आत कापडाचे दोन पडदे असतात. एक पुढे पळतो, दुसरा त्याच्या मागून, आणि दोघांमधल्या फटीतून रोलवर उजेड पडतो. वेगाच्या आकड्यांना ती फट अगदी बारीक असते. मागच्या पडद्याने पुढच्याला गाठलं तर फट उरतच नाही. कळ दाबली जाते, आवाज होतो, आणि रोलवर काहीही येत नाही. हे ओळखायचं फक्त आवाजावरून. तो किंचित बसका येतो, बंद दारावर टिचकी मारल्यासारखा.

वास चांगला होता. स्क्रूंना कुणी हात लावलेला नव्हता. लेन्स स्वच्छ. अण्णांनी कॅमेरा कानाला लावला, त्यांचा डावा तळवा टेबलाच्या कडेवर आला आणि मी भूमितीच्या पुस्तकात डोकं घातलं. हळू आकडे उत्तम वाजले. मी बोट लावत गेले. दारातून वासूने मला विचारलं, कितवीत आहेस. मी मान वर न करता सांगितलं, मॅट्रिकला. तो म्हणाला, आपण चौथीतच सोडली. मग गणपतला म्हणाला की उद्या मोर्चाला निघायच्या आधी, चाळीच्या दाराशी, झेंडा घेऊन एक माझा काढ, आईला पाठवायचाय. तिने तीन वर्षांत मला बघितलेलं नाही.

अण्णांनी शेवटचा आकडा लावला. त्याच वेळी रस्त्यावरून एक फेरी आली. घोषणा अगदी खिडकीखाली होती. पहिली कळ दाबली, ती मला ऐकूच आली नाही. दुसरी ऐकू आली आणि मला ती बसकी वाटली. वाटली, म्हणजे नक्की सांगता येईना. तिसऱ्या वेळी घोषणा टिपेला होती. मग अण्णांनी कॅमेरा कानापासून काढला आणि ते थांबले. त्यांची करंगळी माझ्या बोटाजवळ होती.

पुन्हा एकदा वाजवा, असं मला म्हणता आलं असतं. तोंडाने म्हणावं लागलं असतं, दोन परक्या माणसांसमोर. मग ऐकणारी मी आहे, हे उघड झालं असतं. दोनदा बोट लावलं असतं, तर अण्णा नको म्हणाले असते आणि कदाचित एक चांगला कॅमेरा गेला असता. त्या दोघांचे चेहरे पडले असते. हे सगळं मी आता मांडते आहे. तेव्हा एवढा विचार करायला वेळ नव्हता. मी एकदा बोट लावलं.

"घ्या," अण्णा म्हणाले. आणि रोलचं नेहमीचं सांगू लागले, तोवर वासू हसत हसत पायरी उतरलाही होता.

दुसऱ्या दिवशी लालबागला गोळीबार झाला. आमच्याकडे बातमी आली ती माणसांच्या पळण्यातून. मग संचारबंदी. दूध नाही, भाजी नाही, शाळा नाही. आईने तीन दिवस डाळ-तांदूळच शिजवले. गॅलरीत उभं राहायचीही भीती. माणसं दारं लोटून घेऊन बोलायची आणि बोलता बोलता आवाज खाली यायचा. किती गेले, कुठले गेले. नावं कुणालाच नीट माहीत नव्हती. आमच्या घरात कुणी लालबागचं नाव घेतलं नाही.

सगळं थोडं निवल्यावर गणपत परत आला. एकटाच. दाढी वाढलेली, कपाळ स्वच्छ. गिरणीत गेला नसावा. त्याने टेबलावर कॅमेरा ठेवला आणि त्याच्या बाजूला कागदाची सुरळी. सुरळीत धुतलेला रोल होता. वासू गेला, एवढंच त्याने सांगितलं. सकाळी चाळीच्या दाराशी त्याचे आठ-दहा फोटो काढले होते. झेंडा घेऊन, झेंड्याशिवाय, हसताना, गंभीर. ऊन कडक होतं म्हणून स्टुडिओवाल्याने सांगितल्याप्रमाणे सगळ्यात वेगाचा आकडा लावला होता. आता त्याची आई गावाहून यायची होती. तिच्याकडे वासूचा एकही फोटो नव्हता. खोलीत कुणाकडेच नव्हता. परळच्या स्टुडिओवाल्याने रोल धुऊन हातात दिला आणि म्हणाला, यात काही नाही. गणपतला विचारायचं होतं, की एखाद्या औषधाने काही वर येईल का.

अण्णांनी सुरळी उलगडली. रोल खिडकीकडे धरून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. काचेसारखा स्वच्छ होता. पलीकडची वाडी त्यातून दिसत होती. काठावरचे छापील आकडे मात्र नीट उमटलेले होते, एक, दोन, तीन. म्हणजे धुण्यात चूक नव्हती. उजेड आत गेलाच नव्हता. अण्णांना हे बघताक्षणी कळलं असणार, तरी ते शेवटच्या चौकटीपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी रोल परत नीट गुंडाळला.

"गणपत, दोष माझा आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. मी तुला घे म्हटलं, ते न ऐकता म्हटलं."

ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज हल्ली मोठा झाला होता. वाडीतल्या लोकांनी ते वाक्य ऐकलं. आतला स्टोव्ह आईने बंद केला. मी पुस्तक उघडं धरून शेजारी बसले होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सबंध वेळ एकदाही पाहिलं नाही.

गणपतने सुरळी उचलली. मग म्हणाला, "मगे सांगलास कशाक?"

तो ओरडला नाही. खरोखरच विचारत होता. अण्णांनी त्याचे ओठ वाचले असतील तर त्यांना ते कळलं असेल. गणपत उठला. कॅमेरा तिथेच ठेवून, रोल तेवढा खिशात घालून निघून गेला.

चार दिवसांत ही गोष्ट सगळीकडे झाली. ज्यांनी अण्णांच्या शब्दावर कॅमेरे घेतले होते त्यातले काही जण उगाच तपासून घ्यायला आले. काही आले नाहीत आणि बोलत राहिले. वाडीतला एक जण म्हणाला, आपल्याला पहिल्यापासून संशय होता. अण्णांनी दाराबाहेरची पाटी स्वतः काढली. पुढे बारा-तेरा वर्षं ते दुरुस्ती करत राहिले, हाताने आणि डोळ्यांनी, पण घ्या किंवा नको हे दोन शब्द त्यांनी पुन्हा कुणाला सांगितले नाहीत. मुंबईसह महाराष्ट्र झाला, वाडीत पेढे वाटले, गुलाल उडाला. आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि चिमटा उचलला. तो पोलादी कॅमेरा त्यांनी दुरुस्त केला होता. गणपतकडे दोनदा निरोप धाडला. तो न्यायला आला नाही.

पण हे मी पुढचं सांगितलं. वासूची आई यायच्या आधी अण्णांनी जे केलं, ते राहिलं.

आमच्या वाडीत तसबिरी रंगवणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. मेलेल्या माणसांचे अंधुक फोटो समोर ठेवून ते मोठी चित्रं काढून देत. अण्णा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, फोटो नाही, माणसं सांगतील तसं काढायचं. भाऊ नाही म्हणाले. अण्णा रोज जाऊन बसू लागले. शेवटी भाऊ, अण्णा आणि मी असे तिघं लालबागला गेलो. लोक काय सांगतात ते अण्णांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मला वही घेऊन नेलं होतं.

गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. रस्त्यात धूर, धुरात तळलेल्या मिरचीचा वास. वासूच्या खोलीत दहा-बारा जण राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत. भिंतीवर खुंट्यांची रांग होती. एका खुंटीला कुणी काही अडकवलं नव्हतं. आम्ही बसलो आणि एकेकाने सांगायला सुरुवात केली. नाक धारदार, एक म्हणाला. छे, बसकं होतं, दुसरा म्हणाला. भुवईवर व्रण होता, पण डाव्या की उजव्या, यावर दोघांचं जमेना. मिशी होती का, हेसुद्धा कुणी खात्रीने सांगेना. हसला की छान दिसायचा, हे सगळे सांगत होते. भाऊंनी विचारलं, म्हणजे कसा? तर गप्प. चार वर्षं एका ताटात जेवलेली माणसं ती. मी सगळं वहीत लिहून घेत होते. गणपत कोपऱ्यात बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, की डोळे मिटले की त्याला वासूचं फक्त शेवटचं तोंड दिसतं, आणि ते काढू नका.

मीही त्याला पाहिलं होतं. माझ्या घरात, माझ्या दारात. वहीत काही लिहायचं म्हणून मी आठवू लागले आणि मला दारात वाकलेली पाठ सोडून काहीच आठवेना. मी मान वर केलीच नव्हती.

भाऊंनी चित्र तीनदा काढलं. पहिलं खोलीतल्यांना दाखवलं, ते म्हणाले नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याला ते म्हणाले, असाच काहीसा. दमून म्हणाले असतील.

वासूची आई बोटीने आली. काळी, काटक बाई, नाकात नथीऐवजी काडी, हातात नारळाची पिशवी. आम्ही पोचलो तेव्हा ती चटईवर बसलेली होती आणि खोलीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. अण्णांनी चित्र कापडातून काढून तिच्यासमोर धरलं. चांगलं चित्र होतं. फेटा नाही, टोपी नाही, दाट केस, हातात झेंड्याची काठी. तिने ते दोन्ही हातांत घेतलं, उजेडाकडे केलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं.

"हो माझो वासू न्हय," ती म्हणाली.

अण्णांना ऐकू आलं नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे आशेने बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे, मग त्या उभ्या माणसांकडे. पदराने चित्राच्या काचेवरची धूळ पुसली. "असांदे," ती म्हणाली. "इतक्या जणांनी केलास. मी व्हरतंय." आणि गावी न्यायचं म्हणून चित्र पिशवीवर उभं करून ठेवलं. अण्णांनी हात जोडले. त्यांना वाटलं, तिला पटलं.

थोड्या वेळाने ती हात-पाय धुवायला गॅलरीतल्या मोरीवर गेली. तिला पाणी घालायला कुणीतरी मला पाठवलं. मी तांब्या तिच्या हातांवर ओतत होते आणि ओतता ओतताच सांगून टाकलं. ऐकणारी मी होते. आवाज चुकीचा वाटला होता. तरी मी बरोबर आहे अशी खूण केली. अण्णांना यातलं काही माहीत नाही. मी आता घरी जाऊन त्यांना सांगणार आहे.

ती वाकून पाय चोळत होती. वर न बघता तिने विचारलं, अण्णा कुणाच्या खुणेवर सांगायचे? माझ्या, मी म्हटलं. आणि त्यांनी सगळ्यांना काय सांगितलं? आपण न ऐकताच सांगितलं असं, मी म्हटलं.

तिने पदराला हात पुसले. "तर मगे तुझ्या बापाशीक म्हायत आसा, गो," ती म्हणाली. "तेना आपल्या अंगार घेतल्यान. आता तू तेका सांगलंस, तर तेच्याकडे काय उरात?"

तिने माझ्या हातातून तांब्या घेतला, उरलेलं पाणी तुळशीच्या डब्यात ओतलं आणि ती आत गेली. तिने मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिला त्या दिवशी तेवढी सवड नव्हती.

परतताना ट्रामने जायचं सोडून अण्णा चालू लागले. भाऊ ट्रामने गेले. आम्ही दोघं भायखळ्यापर्यंत आलो. रस्ता ओलांडताना मी त्यांचा हात धरला, पलीकडे गेल्यावर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. चुन्याने रंगवलेल्या एका भिंतीशी ते थांबले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "परीक्षा कधी आहे तुझी?"

मी बोटांनी दोन महिने दाखवले.

"मग आता अभ्यासाला आतल्या खोलीत बसत जा," ते म्हणाले. "खिडकीपाशी उजेड नीट नसतो."

मी मान हलवली. आमच्या घरात उजेड यायचा तो तेवढ्या एकाच खिडकीतून.